काकांचा काउंटर

नळ-पाइपांच्या दुकानात काका केस काळे होते तेव्हापासून काउंटरवर उभे. हल्ली मात्र शब्द ऐनवेळी दगा देत. ‘ते आण गं, ते... ते हे’ म्हणत हात हवेत फिरे, आणि पुतणीला हाक मारायची तर घरातल्या तीन पोरींची नावं आधी होऊन जात. पुतणीची जीभ म्हणजे कात्री. गिऱ्हाईक फोनवर अर्धं बोलायच्या आत तिनं मालाचं नाव कॉम्प्युटरात टाकलेलं असे. काका आठवत बसले की गिऱ्हाईक फोन ठेवून मोकळं. अशी चार गिऱ्हाइकं हातची गेल्यावर तिनं सांगून टाकलं, की सोमवारपासून काउंटर ती बघेल, काकांनी मागं गोदामात बसावं.

काकांना ते फार लागलं. जन्म माणसांशी बोलण्यात गेला, आता खोक्यांशी काय बोलणार? पण पोरगी खोटं तरी काय बोलली होती?

शनिवारी दुपारी एक बाई धापा टाकत आल्या. गच्चीवरची टाकी वाहून खालच्यांच्या भिंती ओल्या झाल्या होत्या. काय हवं ते त्यांना सांगता येईना. पुतणीनं एका दमात सहा नावं घेतली. बाईंनी सहाही नावांना मान डोलावली. शेवटी तिनं सगळ्यात महागडा अख्खा सेट काढून समोर ठेवला.

“थांब,” काका म्हणाले आणि बाईंकडे वळले. “टाकीतला गोळा हातानं वर उचलून धरला, तर पाणी थांबतं?”

थांबत होतं. यजमान तासभर तेच करत होते, अजूनही तिथंच उभे होते.

“आणि हलवला की आत डुचमळतं?”

बाई हो म्हणाल्या. म्हणजे गोळ्यातच पाणी शिरून तो तरंगत नव्हता, बाकी सगळं ठणठणीत. काकांनी न बघता मागच्या फळीवर हात घातला, नुसता गोळा काढला आणि बिलासाठी नाव सांगायला तोंड उघडलं. नाव काही येईना.

“फ्लोट बॉल,” पुतणी हळूच म्हणाली.

बाई गेल्या. पुतणी सेट परत खोक्यात भरत होती, चेहरा पार उतरलेला. काकांना हसू आलं आणि तिची मायाही आली.

“सोमवारचं ठरलं,” ते म्हणाले. “मी इथंच. तू शेजारी. माझं नाव अडलं की तू सांगायचं.”

“ते सांगीन हो काका. पण मला तुमच्यासारखं विचारता येत नाही, त्याचं काय?”

“चाळीस वर्षं लागतात,” काका म्हणाले. “स्टूल घे.”