अकरा सेकंदांची मोकळी जागा

"मॅडम, जेवढं लिहिलंय तेवढंच मराठीत करा. नवीन काही घालू नका," सौरभ फोनवर म्हणाला. तो मुंबईच्या स्टुडिओत प्रोड्यूसर. मी गोंदियात, पुढच्या खोलीत, खिडक्या लावून बसलेली, कारण समोर राइस मिल आहे.

"नवीन घालत नाही. खोटं काढतेय," मी म्हणाले.

शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी टीव्हीच्या कार्यक्रमांच्या मराठी स्क्रिप्ट लिहू लागले. त्या वर्षी माझ्याकडे आशियातल्या पुरुष व्यावसायिक गोल्फ स्पर्धांचा अख्खा सीझन आला. आज थायलंड, पुढच्या आठवड्यात तैवान, मग इंडोनेशिया. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे हायलाइट्स. इंग्रजी स्क्रिप्टमध्ये प्रत्येक स्पर्धा ऐतिहासिक असे आणि क्लबहाऊसचं जेवणसुद्धा दिमाखदार. आमच्या नागऱ्याच्या महादेवालाही कुणी एवढी विशेषणं लावत नाही.

सीझनभर खेळाडूंना गुण मिळतात, त्यांची यादी लागते. ठरावीक क्रमांकाच्या आत राहिलात तर पुढच्या वर्षी खेळायचा हक्क टिकतो. याला कार्ड राखणं म्हणतात. शेवटच्या स्पर्धेत आपला एक खेळाडू या यादीच्या अगदी काठावर होता. त्याला इथे देवेन म्हणते. नाव बदललं आहे. सीझनभर तो एका वेळी चार सेकंदांपेक्षा जास्त दिसला नव्हता.

शेवटच्या फेरीत त्याचा चेंडू उंच गवतात गेला. त्याने काठी चेंडूमागे टेकवली, थबकला आणि हात वर करून रेफरीला बोलावलं. दोघे वाकून बोलले. एक फटका दंड पडला. तेवढ्याच फटक्याने कार्ड गेलं.

स्क्रिप्ट म्हणत होती, 'दडपणाखाली देवेन कोसळला.' वर सनईसारखं काहीतरी रडकं संगीत.

आम्हाला मैदानावरचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर मिळतो. मी संगीत बंद करून तो ऐकला. रेफरीही भारतीय होता.

"सर, बॉल हिली है. मुझसे हिली है."

"किसी ने देखा?"

"मैंने देखा."

अकरा सेकंद. कॅमेऱ्यात चेंडू हललेला दिसतही नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याला हिंदी येत नसणार. त्याला वाकलेला माणूस आणि वाढलेला फटका एवढंच दिसलं. पण विचारायला काय हरकत होती? एका माणसाने वर्षभराची कमाई खरं बोलून घालवली आणि याने त्याला घाबरट ठरवलं.

त्याच फोनवर मी सौरभला हे सगळं सांगितलं.

"ऐकलंय मी ते," तो म्हणाला. "पण स्क्रिप्ट क्लायंटने अप्रूव्ह केलीये. बदलली तर परत अप्रूव्हल. उद्या एअर आहे. आणि मॅडम, मराठीत गोल्फ बघतं कोण?"

"मग एवढी विशेषणं कुणासाठी लिहून घेता?"

त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात जवळच्या मुर्री गावचे रहांगडाले काका आले. त्यांची नात माझी विद्यार्थिनी. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मोजणीचे कागद ते माझ्याकडून वाचून घेतात. स्क्रीनवर देवेन गवतात वाकलेला होता.

"काय करून रायला जी हा मानूस, बाई?"

मी सांगितलं, स्क्रिप्टमधल्या ओळीसकट.

"कोनी पायला नोहोता न?"

"नाही."

"मंग सांगलन कायले?"

"नियम आहे, काका. आपल्याकडून चेंडू हलला तर आपणच सांगायचं."

त्यांनी हातातले कागद पुढे केले. "आमच्या शेजाऱ्यानं धुरा दोन हात सरकवलन. मोजणीवाले आले, नकाशा आला, तरी म्हन्ते, मले मालूम नाही. अन् हा अर्ध्या बोटासाठी साहेबाले बलावते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुमी त्याले 'कोसळला' लिहून रायल्या?"

शाळेत मी मुलांना हेच विचारायचे: न वाचता कशाला लिहिलंस?

आमच्या कामातली एक साधी रीत आहे. जिथे मराठी ओळ नसते, तिथे साउंडवाला संगीत काढून मैदानावरचा आवाज वर आणतो. मी ती ओळ पुसली. जागा मोकळी सोडली. बाकी सगळी विशेषणं इमानदारीने मराठीत केली, क्लबहाऊसच्या जेवणासकट. मेलमध्ये लिहिलं, 'सूचनेप्रमाणे नवीन काही घातलेलं नाही.'

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लागला. "मैंने देखा" स्वच्छ ऐकू आलं.

आठवड्याने सौरभचा फोन. "मॅडम, क्लायंट विचारतोय, एक ओळ कुठे गेली?"

"तू ऐकलास ना एपिसोड?"

"ऐकला. चांगला झालाय. पण पुढचा सीझन दुसऱ्या कुणाला देतायत."

देवेनचं कार्ड परत आलं नाही. त्याला आता पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागेल. इंग्रजी एपिसोडमध्ये तो अजून कोसळतोच आहे, आणि त्या लेखकाचं काम शाबूत आहे. या धंद्यात ओळ चुकीची असली तर चालते. गाळलेली चालत नाही.

रहांगडाले काकांनी तो कार्यक्रम त्या धुरेवाल्या शेजाऱ्याला घरी बोलावून दाखवला.

"मग? काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हन्ते, पागल आहे तो पोट्टा."

कोसळला, असं मात्र म्हणाला नाही. माझं काम तेवढंच होतं.