सवलतीच्या दरातली बहीण

दुकानातल्या संगणकावर आईच्या पंचाहत्तरीच्या फोटोबुकाचं पान उघडलं, आणि माझी बहीण मंदा आईला केक भरवताना हसली.

"सगळ्या प्रती सारख्या असतील तर स्वस्त, काका," दुकानदार म्हणाला. "एकीत फोटो बदलला की दर वेगळा."

दादाला त्याच्या प्रतीत मंदा नको होती. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून तो तिच्याशी बोलत नाही. "आपलीच बहीण ना ती," एवढं म्हणायला इतकी वर्षं माझी जीभ रेटली नाही. माया सांगायला संकोच वाटतो, सवलत सांगायला नाही. मी तिथूनच फोन लावला.

"दादा, मंदाला वगळलं तर महाग पडतंय."

तो म्हणाला, "मग राहू दे. लहान छाप म्हणावं."

मी दुकानदाराला विचारलं, "लहान-मोठ्या फोटोला दर तोच ना?"

"तोच."

"मग हिला पानभर घ्या."