इन्स्पेक्टर अक्का आणि अनारसे

अक्कांना चहा दिला, तरी त्या आधी चहाच्या पुड्यावरचं लेबल वाचायच्या. त्या धुळ्यात औषध निरीक्षक होत्या. मेडिकलवाले पाठीमागे त्यांना 'लेबलवाली' म्हणत आणि समोर आल्या की खुर्ची पुसून देत. आग्रा रोडवर माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. अक्का अधूनमधून येत, फ्रीज उघडत आणि मुदत संपलेली एखादी बाटली सापडली, की माझ्याच हातांनी ती मोरीत ओतायला लावत. मला राग यायचा, पण सुटका नव्हती.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं, "आधी वस्तूला विचारा, ती खरी आहे का. माणसाला मग विचारा."

नव्वदच्या दशकात अफू ओळखणारी पट्टी आली. लघवीत बुडवायची. दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ, एकच उमटली तर अफू. अफू खाऊन गाडी हाकणारे काही ड्रायव्हर हायवेवर होतेच, त्यामुळे ट्रान्सपोर्टवाल्यांना देवच पावला. पण या पट्ट्या यायच्या पिशवीत सुट्या. कंपनीचं नाव नाही, मुदत नाही. अक्का जप्त करायला निघाल्या, तर त्यांचे साहेब म्हणाले, कायद्यात ही पट्टी बसत नाही, तुमचा संबंध नाही. मग कायद्यात बसवा, असं सांगून त्यांनी मुंबईच्या कार्यालयाचा पिच्छा पुरवला. उत्तर येत नसे. अक्का पुन्हा लिहीत.

अशात धोंड्याचा महिना आला. सुकलाल ड्रायव्हर रडवेला होऊन लॅबमध्ये शिरला. त्याच्या ट्रान्सपोर्टच्या शेठनं पट्टी लावून त्याला कामावरून काढलं होतं आणि रोडवरच्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना तसं कळवलंही होतं. आता त्याला कुणी गाडी देईना. अक्का तिथंच होत्या. काय खाल्लं होतंस, त्यांनी विचारलं.

"अक्का, अफू मी हातमा बी लिधी नही. एरंडोलले सासुरवाडीमा अनारसा खादात, बस."

जावयाला वाण म्हणून दिलेले, खसखशीनं माखलेले अनारसे! खसखस अफूच्याच बोंडातली. अक्का तडक शेठकडे गेल्या. खसखशीचा अंश उतरेपर्यंत चार दिवस थांबून परत तपासा म्हणाल्या. शेठ हसत सुटला. अनारशानं माणूस अफूबाज ठरत असेल, तर खानदेशातले सगळे जावई आत जातील, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्का डबाभर अनारसे घेऊन माझ्या लॅबमध्ये येऊन बसल्या. दिवसभर खात राहिल्या. शेवटी शेवटी घास घशाखाली उतरेना, तरी थांबल्या नाहीत. संध्याकाळी शेठला बोलावलं आणि त्याच्याच पिशवीतली पट्टी त्याच्यासमोर मला आपल्या लघवीत बुडवायला लावली. एकच रेघ उमटली.

"आता मलाही काढा कामावरून," अक्का म्हणाल्या.

सुकलालला गाडी मिळाली. पण शेठनं डूख धरला. निरीक्षक बाई अफू खातात, असा अर्ज वर गेला. चौकशीत साहेबांनी विचारलं, एकच रेघ आली हे खरं का? "खरं आहे. म्हणूनच तर इतके दिवस लिहितेय," अक्का म्हणाल्या. आरोप टिकला नाही, तरी त्यांची बदली जळगावला झाली. टेबलावरचं काम. दुकानं तपासणं बंद.

त्या निघाल्या तेव्हा मी म्हणालो, अक्का, एका ड्रायव्हरपायी स्वतःचं नुकसान करून घेतलंत. त्या चिडल्याच. "दुसरा येईल तेव्हा मी इथं नसेन. तुम्ही असाल."

दुसरा आला. शेठचाच माणूस त्याला घेऊन आला आणि म्हणाला, एक रेघ आलीय, अफूच्या रिपोर्टवर फक्त सही मारा. माझं निम्मं काम त्या शेठकडून येत होतं. तरी मी सही केली नाही. चार दिवस थांबा, परत तपासतो, म्हणालो. शेठनं सगळं काम काढून घेतलं. पण परत तपासल्याशिवाय गाड्या हलवणार नाही, म्हणून ड्रायव्हर लोक अडून बसले, आणि चार दिवसांनी माझ्या टेबलावर दोन रेघा उमटल्या.

मी जळगावला फोन लावला. सगळं सांगितलं. माझं काम गेलं, हेही सांगितलं.

"ड्रायव्हर गाडीवर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.