पानवेलींतली ओल

"अनवाणी चालता का कधी?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आम्ही नवराबायको एका सुरात "नाही" म्हणालो. देवाशपथ, खोटं बोललो नव्हतो. ह्यांच्या पायात घरात सपाता, रस्त्यावर चपला. राहिली भुईगावची आमची पानवेलींची वाडी. पण तिथे चपला घालून कोण जातं? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला वाडीच्या दारात थांबवून सांगितलं होतं, वेल सोवळी असते, चपला इथेच काढायच्या. देवळात अनवाणी गेलेलं कोणी मोजतं का? आम्हीही मोजलं नाही.

ह्यांचा मधुमेह पंधरा वर्षांचा. वेल ज्या पांगाऱ्यावर चढवतात, त्याचा काटा ह्यांच्या उजव्या अंगठ्याखाली घुसला आणि ह्यांना पत्ताच नाही. चादरीवर डाग मी पाहिला. पट्ट्या झाल्या, गोळ्या बदलल्या, जखम काही भरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. आणि हे पायऱ्या उतरता उतरता मला विचारतात, "वडापाव खाऊ या का?" अशा माणसाबरोबर चाळीस वर्षं काढलीत मी.

त्याच डॉक्टरांनी एक हेल्थ कोच लावून दिली. मला आधी रागच आला. कोच म्हणजे क्रिकेटवाल्यांना असतो, आम्हाला कशाला? वाटलं, येईल आणि भात सोडा, केळी सोडा म्हणून आमचं डोकं खाईल. गोखिवऱ्याहून स्कूटरवर आली ती चाळिशीची, पूर्वी नर्स होते म्हणाली. मी फाईल पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली. "फाईल डॉक्टरांची, काकू. मला काकांचा दिवस सांगा. उठल्यापासून." गोळी अर्धी केली तर चालेल का, असं मी मध्येच विचारलं, तर म्हणाली, "ते मी सांगायचं नाही, डॉक्टर सांगतील. मी आत्ता त्यांना विचारते." तिथे ती मला आवडायला लागली.

ह्यांनी दिवस सांगितला. चहा, पेपर, मग वाडी. ती म्हणाली, "चला, वाडी बघू." दाराशी ह्यांनी सवयीने चपला काढल्या, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून पट्टीवर बांधली आणि आत शिरले. पट्टीला ओल लागू नये म्हणून हा बंदोबस्त, पट्टी बांधल्यापासून चाललेला, माझ्या डोळ्यांदेखत. पिशवीत पाय घामाने भिजून निघतो हे मलाही सुचलं नव्हतं. बाई दारातच उभी राहिली. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. पण तिने स्वतःच्याही चपला काढल्या, आत आली आणि हळूच विचारलं, "काका, अनवाणी चालल्यावर ह्या मातीचं काय कळतं?"

"ओल कळते," हे म्हणाले. "पाय टेकला की समजतं, आज पाणी द्यायचं की नाही. वडिलांनी शिकवलंय."

"अजून कळते?"

हे वेलीची पानं उलटीपालटी करत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. तळव्यांना काही कळतच नाही. अंदाजाने देतो पाणी."

दोन वर्षं. मला एका शब्दाने बोलले नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, आणि त्याच वेळी असं भरून आलं की मी पाटाकडे तोंड करून उभी राहिले. वेली गेल्या वर्षी कुजल्या, तेव्हा मी ह्यांनाच बोल लावला होता.

बाईने तिथूनच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, जखम भरेपर्यंत वाडी बंद, आणि नंतर मऊ तळाचे, पुढून रुंद, बंद बूट. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "चामडं आत न्यायचं नाही," म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. बाई हसली. "चामडं नको, कापडाचे घेऊ. कोरे. रस्त्याला लावायचेच नाहीत. दारात चढवायचे, दारात उतरवायचे. सोवळ्याचे बूट." ह्यांना हे पटलं, कारण नियम मोडला नव्हता. डॉक्टर सहा महिने पायाला जपा म्हणत होते, ते पालथ्या घड्यावर पाणी. बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. वाडीचं त्यांना आम्हीच सांगितलं नव्हतं.

मग ती एक दिवसाआड फोन करायची, पाय आरशात बघितला का म्हणून. हे कुरकुरत बघायचे. पिशवी सुटली, पट्टी कोरडी राहू लागली, आणि महिना संपता संपता जखम भरत आली. आता अंगठा काढायची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी वडापाव मीच घेऊन दिला, एकच, दोघांत अर्धा अर्धा.

जखम पुरती भरल्यावर हे पहिल्यांदा वाडीत गेले, ती सकाळ. दारात खुर्चीवर बसून कोरे बूट चढवले, आत चार पावलं गेले आणि थांबले. मला वाटलं, बूट चावतोय.

"अगं," म्हणाले, "जरा आत येतेस? ओल आहे का बघ."

चाळीस वर्षांत वेलींबद्दल ह्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी चपला काढल्या, आत गेले, ह्यांच्या शेजारी पाय टेकले. माती गार होती.

"आहे," मी म्हटलं. "आज पाणी नको."