दगडोबाची मिशी आणि रेवणप्पांची मोटार

कळंबच्या पेठेत रेवणप्पांची काळी मोटार आली तेव्हा तिकडं विलायतेत लढाई पेटली होती आणि इकडं पेट्रोल परवान्यावर, देवाच्या तीर्थासारखं पळीपळीनं मिळत होतं. त्यामुळं मोटार कधीमधी लातूरला जाऊन यायची आणि एरवी आडतीच्या मागच्या छपरात उभी असायची. चालणं कमी, आंघोळ मात्र रोज. रेवणप्पांनी मोटार घेतली ती बसायला नाही, धुवायला, असं गाव म्हणायचं. गावाचं फार चुकत होतं असंही नाही.

मोटार चालवणारा आणि धुणारा एकच, दगडोबा. मूळचा ईट गावचा. ऐन उमेदीत तो हैदराबादला गेला आणि एका जहागीरदाराच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, झाला. पुढं जहागीरदारांनी घोडे विकून मोटारी घेतल्या. घोडे गेले, मोटारी आल्या. खरारा गेला, फडकं आलं. दगडोबा होता तिथंच राहिला. मोटारीला तो शेवटपर्यंत 'घोडी'च म्हणायचा आणि तिच्याशी हैदराबादी बोलीत बोलायचा. हैदराबादहून त्यानं आणखी एक वस्तू आणली होती, ती म्हणजे मिशी. दोन्ही टोकं वर वळलेली, भरदार, वर लिंबू ठेवलं तरी घरंगळू नये अशी. त्याच्या बायकोचं, कमलबाईचं म्हणणं असं, की नवरा दारात पोचायच्या आधी मिशी आत येते.

बाजारच्या दिवशी दगडोबा धुळाप्पा न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचा. दुकान म्हणजे कडुलिंबाखालची एक फळी आणि भिंतीला टांगलेला आरसा. गावात ज्ञान वाटायचं ते तिथंच.

"आधी सावली," दगडोबा सांगायचा. "तापल्या पत्र्यावर पानी टाकलं की ते जागच्या जागी वाळतं आन् डाग सोडतं. मग नुसतं पानी, टपापासनं खाली. हात लावायचाच न्हाय. धूळ म्हंजी काय, बारीक वाळूच की. ती वाहून गेल्याबिगर फडकं टेकवलं, तर कानशीनं गाल पुसल्यावानी व्हतं."

"आन् साबण?" कुणीतरी विचारायचं.

"रिठ्याचा फेस. दोन बादल्या. एकीत रिठा, दुसरीत साधं पानी. फडकं फिरवलं की साध्या पान्यात खळबळायचं, मगच पुन्हा रिठ्यात. चाकांचं फडकं निराळं. चाकांचं वर आणलं की खेळ खलास."

धुळाप्पा वस्तरा चामड्यावर घासत म्हणायचा, "एवढी निगा कमलबाईची राखली असती, तर पुण्य तरी लागलं असतं."

"तिच्या टाळूवर बादली वतून बघ म्हणावं एकडाव. मग कळंल, मोटार गरीब का बायको."

सगळ्यात मोठा अभिमान त्याला पुसण्याचा. फडकं म्हणजे रेवणप्पांचं जुनं मलमलीचं धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, काठ फाडून टाकलेले. आधी ते आपल्या गालावर फिरवून बघायचा. गालाला टोचलं तर मोटारीला नाही. मग ओल्या पत्र्यावर ते पसरायचं आणि हलक्या हातानं आपल्याकडं ओढून घ्यायचं. "घासायचं न्हाय, टिपायचं. लेकरू न्हाल्यावर त्याचं अंग टिपतोय का घासतोय?" आणि शेवटी हातातलं कडं वर करून दाखवायचा. "हे आन् आंगठी, दोन्ही आधी खुंटीला. मोटारीपाशी धातू न्यायचा न्हाय."

अशाच एका बाजारी, श्रोते जरा जास्त जमले असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्या हाय तवर ह्या घोडीवर एक वरखडा जरी उठला, तर ही मिशी धुळाप्पाच्या वस्तऱ्याखाली."

धुळाप्पानं दोन माणसं साक्षीला धरली आणि वस्तरा नीट मिटून ठेवला.

श्रावण संपता संपता बोनेटवर ओरखडा निघाला. एक नव्हे, केसासारखे बारीक तीन-चार, सगळे एकाच ठिकाणी, पुढच्या कडेपासून हातभर आत. उन्हाची तिरीप पडली की चमकायचे.

"दगडोबा, इकडं ये," रेवणप्पा म्हणाले. रेवणप्पा म्हणजे भारदस्त लिंगायत व्यापारी; ज्वारीचा दाणा नुसता तळहातावर घेऊन रान सांगणारे. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. आता तो पार तळाला गेला होता. "हे काय हाय?"

"वरखडा हाय, मालक."

"ते मला दिसतंय. कुणी काढला?"

"म्या न्हाय."

"मोटारीला तुझ्याबिगर हात कुणाचा लागतोय? दसऱ्याला मोटारीची पूजा हाय. अख्खी पेठ येईल. तवर कुणी काढला ते दाखव. न्हाय तर मी दुसरा माणूस बघतो."

झालं. नोकरीही टांगली आणि मिशीही. त्यातली नोकरी गेली असती तर दगडोबाला दुसरी मिळाली असती. पण बिनमिशीचा दगडोबा ईटच्या रस्त्यानं घरी कसा जाणार होता?

त्यानं चौकशी सुरू केली. पहिला संशय मांजरावर. पण मांजर चार नखं एकदम चालवतं, हे तर एकेक सुटे. दुसरा कावळ्यावर. कावळ्याची घाण असली तर तो ओलं फडकं ठेवून ती मऊ करायचा आणि मगच उचलायचा, पण तशी घाणच नव्हती. तिसरा संशय, जीव घट्ट करून, स्वतःवर. फडकी सगळी गालावर फिरवली. बादलीच्या तळाला वाळू बसली का बघितलं. काही नाही. दोनच दिवसांत आणखी एक रेघ उठली.

दसरा दोन दिवसांवर आला, तेव्हा दगडोबानं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. एक दिवस मोटार धुतलीच नाही. आडतीत ज्वारीची पोती झाडली जात होती. भुसा आणि धूळ उडून संध्याकाळपर्यंत बोनेटवर पिठासारखा थर बसला. दगडोबाला ते बघवेना. पण पागेत त्यानं एक शिकलं होतं, चोर सापडत नसला तर जमिनीला विचारावं, धुळीत माग उमटतोच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो येऊन पोत्यांच्या थप्पीमागं बसला.

आतून पूजा आटोपल्याची घंटा ऐकू आली आणि मागचं दार उघडून रेवणप्पा बाहेर आले. अंगावर धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळावर विभूतीचे ताजे तीन पट्टे. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी नाही. मग उपरण्याच्या टोकानं त्यांनी बोनेटवरची धूळ खसाखसा पुसली, कोरडीच. थप्पीमागं दगडोबानं दातांत मिशी धरली. आणि मग रेवणप्पा वाकले. चांगले कमरेत वाकले आणि बोनेटमध्ये आपला चेहरा बघू लागले. डावा पट्टा बोटानं जरा सारखा केला. मान वळवून बाजूनं बघितलं. स्वतःशी थोडं हसले. आणि ते वाकले त्या क्षणी गळ्यातली चांदीची डबी पुढं झुलली आणि पत्र्याला हळूच टेकली. टिक. मान वळवली तशी ती डबीही वळली.

त्या डबीत रेवणप्पांचं इष्टलिंग होतं. लिंगायताच्या अंगावरून ते जन्मभर उतरत नाही. दगडोबाचं कडं खुंटीला जायचं. हे कुठल्या खुंटीला जाणार?

चोर सापडला, पण मुद्देमालासकट दाखवायचा कसा? "मालक, तुम्हीच," असं म्हणावं, तर चोरून आरसा बघताना पकडलेला मालक कुणाला आवडतो? आणि देवाचं नाव तर घेताच येत नव्हतं. दगडोबा आपला रोजच्या कामाला लागला. मोटार धुतली, टिपली, आणि एक स्वच्छ फडकं घेऊन मागच्या पडवीत मल्लम्मांसमोर जाऊन उभा राहिला. मल्लम्मा रेवणप्पांच्या बायको, डाळ निवडत होत्या.

"अक्का, एक इचारू? चांदी लई गार असती न्हाय, थंडीची?"

"तुमाला कुठली चांदी टोचायली, दगडोबा?"

"मला न्हाय. घोडीला."

मल्लम्मांनी डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला. त्याच्याकडं बघितलं, मग छपरातल्या मोटारीकडं. संसार एवढा झाला होता की जास्त सांगावं लागलं नाही.

"आरसा बघतेत व्हय?"

"म्या काय बी बघितलं न्हाय, अक्का."

"ते फडकं ठिवा हितं," मल्लम्मा म्हणाल्या. "तुमच्या मालकाला उगं धोतरं जुनी करायची सवय, कशाला तरी उपेगी पडंल."

दसऱ्याच्या पहाटे पूजेला रेवणप्पांनी लिंग तळहातावर घेतलं तेव्हा मल्लम्मांनी रिकाम्या डबीवर मऊ मलमलीची दुपदरी गवसणी चढवली. रेवणप्पांनी विचारलं तर म्हणाल्या, "थंडी पडायलीय."

दुपारी पेठ जमली. मोटारीला झेंडूच्या माळा, आतून कापड लावलेल्या, कारण दगडोबानं सुतळीला हरकत घेतली होती. हळदकुंकू चाकांना, बोनेटवर फक्त ओल्या बोटानं गंध. गर्दीत पुढंच धुळाप्पा, धोकटीसकट.

"दगडोबा, पानी कोमट आणलंय," तो म्हणाला. "गार पान्यानं मिशी ताठते."

लोक हसले. दगडोबाही हसला, पण मिशी हसली नाही.

रेवणप्पा पूजेला पुढं झाले. गंध लावायला वाकले आणि वाकल्यावर सवयीनं चेहऱ्यावर एक नजर टाकलीच. डबी झुलली, पत्र्याला टेकली. आणि रेवणप्पा तसेच वाकलेले थांबले. रोजचा टिक आला नव्हता. इतके दिवस तो आवाज त्यांना पत्र्याचा वाटत होता. त्यांनी हळूच डबी हातात घेतली, गवसणीचं कापड ओळखलं, बायकोकडं बघितलं. मल्लम्मा आरतीची वात सारखी करत होत्या. दगडोबा आभाळाकडं बघत होता.

रेवणप्पा सरळ झाले. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"धुळाप्पा," ते म्हणाले, "त्यानं पैज मारलीय खरी. पर वरखडा माझ्या हातचा हाय. कोरडी धूळ बी मीच पुसली. तवा वस्तरा इकडं आण. मिशी माझी काढ."

धुळाप्पानं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. "मालक," तो म्हणाला, "ती तर म्या दर बुधवारी काढतोय. आता कुठनं आणू?"

पेठ हसली ती बराच वेळ. रेवणप्पाही हसले. धुळाप्पानं कोमट पाणी छपराबाहेर ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी दगडोबानं छपराच्या खांबावर, मालकांच्या चेहऱ्याच्या उंचीला, एक चांगला आरसा ठोकला. रेवणप्पांनी सकाळी त्यात बघितलं, उपरणं सारखं केलं, पुन्हा बघितलं, आणि हाक मारली.

"दगडोबा, घेऊन जा हे. मोटारीत मी जास्त चांगला दिसतो."

"दिसणारच, मालक," दगडोबा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "पर आधी पानी मारू द्या. मग वाका."