प्युरिटन गाव आणि आमचं हळदीकुंकू

मागच्या शनिवारी इथे कॅनडात, हॅमिल्टनमध्ये एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर उणे अठरा, ड्राइव्हवेच्या कडेला बर्फाचे ढीग... आणि वर लिव्हिंग रूममध्ये काळ्या साड्यांची नुसती झुंबड.

मी खाली बेसमेंटमध्ये, सगळ्यांची मुलं सांभाळत. माझा नवरा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, हे असंच ठरून गेलंय. "ताई, तुम्ही इतिहासाच्या टीचर, मुलं तुमचंच ऐकतात," असं म्हणून माझी सोय लावली जाते. मीही लगेच हो म्हणते... सगळ्यांचीच अडचण वाचते.

मुलांना सनावळ्या सांगितल्या की ती जांभया देतात, गोष्ट सांगितली की जवळ सरकतात. हे पुण्याच्या शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. म्हणून यंदा लायब्ररीतून एक ऐतिहासिक कादंबरी नेली होती. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हाचं एक प्युरिटन गाव, देवाधर्माच्या बाबतीत महाकडक माणसं.

रविवारी दिवसभर प्रार्थनाघरात बसायचं, तेही हीटिंगशिवाय. कुणाला डुलकी लागली तर काठीने ढोसायला एक माणूस ठेवलेला! ख्रिसमस साजरा करायला बंदी होती हे ऐकून तर पोरं पार हादरली.

मग गोष्टीत एक विधवा येते. शेजाऱ्यांची गाय आटते, हिनेच चेटूक केलं अशी कुजबुज होते आणि हळूहळू गाव तिच्या हातचा पाव घेणं बंद करतं. तिला कुणी शिव्या देत नाही, दगड मारत नाही... फक्त बाळंतिणीच्या घरी बोलवत नाहीत.

"दे वर सो स्टुपिड!" एक मुलगा ओरडला आणि सगळे हसले. मैत्रिणीची नऊ वर्षांची ईरा तेवढी हसली नाही. "मावशी, इज दॅट व्हाय यू आर ऑलवेज डाउन हिअर विथ अस?"

वर्गात मुलांनी वाट्टेल ते विचारलं तरी मी कधी अडले नव्हते. त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चला, तिळगूळ खाऊ या.

ईरा तोवर जिना चढून गेली होती. मी धापा टाकत वर पोचले, तर ती भर बायकांत आईला विचारत होती, "व्हाय डझन्ट मावशी गेट कुंकू? व्हॉट डिड शी डू?"

मैत्रिणीचा चेहरा खर्रकन उतरला. ती वाईट नाही हो... नवरा आयसीयूत असताना रोज डबा घेऊन हीच यायची. तिने घाईघाईने वाणाचा स्टीलचा डबा उचलला आणि माझ्या हातात कोंबला, "ताई, घ्या ना, तुमचाच आहे."

हळदीकुंकवाचा करंडा मात्र टेबलावरच राहिला. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बायका, डॉक्टर, इंजिनिअर... कुणाचाही हात तिकडे गेला नाही. माझाही नाही.

सोमवारी मैत्रिणीचा मेसेज आला. "ताई, ईरा नीट झोपत नाहीये. मुलांना असलं डार्क काही वाचून दाखवू नका, प्लीज. पुढच्या वर्षी आम्ही बेबीसिटर बघतो, तुम्हाला उगाच त्रास नको." शेवटी हात जोडलेला इमोजी.

म्हणजे आता बेसमेंटही गेलं. खूप रडले मी... सांगायला लाज कसली. वर्षातून एकदा का होईना, ती पोरं माझी असायची.

ईरा, मोठी झाल्यावर कधी हे वाचलंस तर... थँक यू, राणी. मावशीने असं काय केलंय, हे चार वर्षांत तू एकटीने विचारलंस. मी काहीच केलं नव्हतं गं.