पापलेटच्या वाटचं ऊन

आमच्या पापलेटला मी मारलं.

पापलेट म्हणजे माझं कासव. आज सकाळी गेलं.

नाव आईने ठेवलेलं. पाचूबंदरला मासळी विकण्यात तिचा जन्म गेला. गोल आणि चपटं काही दिसलं की तिला पापलेटच आठवतं.

माझं लग्न झालं तरी ते तिच्याकडेच होतं. ती बांबूंवर बोंबील वाळत घालायला निघाली की याचं घमेलं पण सोबत. वर बोंबील, खाली हे, थोडं उन्हात, थोडं सावलीत.
पाठ कशी टणक होती.

मागच्या वर्षी गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला आणि मी त्याला घेऊन आले. काचेची मोठी टाकी, फिल्टर, जांभळा बल्ब. बॉक्सवर 'यूव्ही' लिहिलेलं, तेवढं मला पुरलं. खरं सांगते, रंग आवडला म्हणून घेतला.
रील पण टाकली होती. तुम्ही लाइक केली होती.

वास्तुशांतीनंतर चार-पाच महिन्यांनी ऑफिसच्या मैत्रिणी आल्या होत्या. आई टाकीपाशी बसली होती.
"पोरी, याला उनात ने गो. पाठ नरम लागते."

मी म्हणाले, "आई, हे काय बोंबील आहे का वाळत घालायला? स्पेशल बल्ब आहे हा. आणि खिडकीतून ऊन येतंच की."

सगळ्या हसल्या. आई पण हसली. मग चहाचे कप गोळा करून आत गेली.
परत तिने कधी विषय काढला नाही.

पाय वाकडे झाले, खाणं सुटलं, तेव्हा कुठे मी डॉक्टरकडे गेले.
"या बल्बात उन्हातलं यूव्हीबी नाहीच, नुसता रंग आहे. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाही. त्याच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. आधी कुठे ठेवायचात?"

"उन्हात," मी म्हणाले. "आई ठेवायची."
मान वर करून बोलायची लाज वाटली.

सकाळी आईला फोन केला. "आई, पापलेट..." एवढंच म्हणाले आणि रडूच आलं.
"हितं घेऊन ये," ती म्हणाली. "सावलीत नको पुरू गो त्याला."

दुपारी बोंबलांच्या बांबूंपाशी पुरलं. जागा तिनेच दाखवली.

पापलेट, माफ कर रे. तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड नाही मला, तरी वाहते.

आईकडे साधा फोन आहे. वहिनी, हे तिला वाचून दाखव.
चार जणींसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.
आई, माझं चुकलं.